बोलिव्हियाचा पोखरलेला डोंगर

बोलिव्हियाच्या राजचिन्हावर एक डोंगर आहे. शंकूच्या आकाराचा, सूर्याखाली एकटा उभा असलेला. हा चित्रकाराच्या कल्पनेतला पर्वत नव्हे. देशाच्या दक्षिण भागात, पोटोसी शहराच्या डोक्यावर सुमारे ४,८०० मीटर उंचीपर्यंत गेलेला हा खराखुरा डोंगर असून त्याचे नाव सेरो रिको, म्हणजे 'श्रीमंत डोंगर', असे आहे. २०११ साली या डोंगराचा माथा खचला आणि शिखराजवळ मोठे भगदाड पडले. साडेचार शतकांहून अधिक काळ आतून पोखरल्या गेलेल्या डोंगराचे दुसरे काय होणार? २०१४ साली युनेस्कोने पोटोसीचा समावेश धोक्यात आलेल्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत केला. भगदाड बुजवण्याचे प्रयत्न झाले; परंतु डोंगराच्या पोटातील खाणकाम त्यानंतरही थांबले नाही, कारण पोटोसीच्या हजारो कुटुंबांची चूल आजही त्याच डोंगरावर पेटते.

डोंगर पोखरून उंदीर काढणे असा एक वाक्प्रचार मराठीत आहे. पोटोसीत घडले ते त्याहून चमत्कारिक. येथे डोंगर पोखरून खरोखरच चांदी निघाली, आणि ती इतकी निघाली की तिने युरोपातील भाव बदलले, चीनची करपद्धती बदलण्यास हातभार लावला आणि मोगलांच्या टांकसाळींना कच्चा माल पुरविला. उंदीर आला तो डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वाट्याला. पोटोसी हा आज दक्षिण अमेरिकेतील अत्यंत गरीब प्रदेशांपैकी एक आहे.

असे का झाले, या प्रश्नाची दोन उत्तरे सर्रास दिली जातात. पहिले भूगोलाचे: इतक्या उंचीवर, इतक्या थंडीत, समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी समृद्धीची अपेक्षा तरी का करावी? दुसरे लुटीचे: स्पॅनिशांनी सारे धुऊन नेले, मागे काही उरलेच नाही. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. तथापि दोन्ही अपुरी आहेत, आणि ती का अपुरी आहेत हे समजण्यासाठी आधी हा प्रदेश नीट पाहिला पाहिजे.

दोन रांगांमधील पठार

अँडीज पर्वत दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला धरून उत्तर-दक्षिण धावतो. पेरूच्या दक्षिण भागात त्याचे दोन फाटे होतात आणि त्या दोन फाट्यांच्या मध्ये एक विस्तीर्ण पठार अडकून राहते. हेच अल्टिप्लानो. तिबेट वगळता इतके उंच आणि इतके प्रशस्त पठार पृथ्वीवर दुसरे नाही. त्याची सरासरी उंची सुमारे ३,७०० मीटर आहे. पश्चिमेची रांग ज्वालामुखींची. ६,५४२ मीटर उंचीचे सहामा हे बोलिव्हियातील सर्वोच्च शिखर त्याच रांगेत येते. पूर्वेची रांग मात्र वेगळी. ला पाझ शहरावर पहारा देणारे हिमाच्छादित इल्लिमानी शिखर या रांगेचे, आणि चांदी, कथील, शिसे, जस्त यांचे साठेही प्रामुख्याने याच बाजूचे. निसर्गाने एका बाजूला आग ठेवली आणि दुसऱ्या बाजूला धातू.

पठाराच्या उत्तर टोकाला ३,८१२ मीटर उंचीवर टिटिकाका सरोवर पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,३०० चौरस किलोमीटर असून ते पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात विभागलेले आहे. या सरोवरातून निघणारी देसाग्वादेरो नदी दक्षिणेकडे वाहते. पण ती समुद्राला मिळत नाही. ती पोओपो नावाच्या उथळ सरोवरात जाऊन संपते, आणि ते सरोवरही २०१५ च्या अखेरीस जवळजवळ कोरडे पडले. अवर्षण, वाढते तापमान, वरच्या अंगाला शेतीसाठी उपसले जाणारे पाणी आणि खाणींचा गाळ ही त्याची कारणे सांगितली जातात. सरोवराच्या आधाराने पिढ्यानपिढ्या मासेमारी करणाऱ्या उरू लोकांना जाळी गुंडाळून मजुरीच्या शोधात बाहेर पडावे लागले. आणखी दक्षिणेला गेले की पाऊस कमी कमी होत जातो आणि अखेर उरते ते केवळ मीठ. उयुनी येथील मिठाचे पांढरेशुभ्र मैदान दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. या पठारावर पडलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. बाहेर गेली ती संपत्ती.

पण म्हणून हा प्रदेश मुळातच दरिद्री होता असे मानणे ही मोठी चूक ठरेल. ज्या बटाट्यावर आज अर्ध्या जगाचे पोट भरते, तो बटाटा माणसाने प्रथम लागवडीस आणला तो याच टिटिकाकाच्या आसमंतात, काही हजार वर्षांपूर्वी. (मराठीतील 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनी आणला; मूळचा तो कॅरिबियन बेटांवरील रताळ्याचा शब्द. कंद एका ठिकाणचा आणि नाव दुसऱ्या ठिकाणचे, असा प्रकार वसाहतींच्या इतिहासात नवा नाही.) येथील शेतकऱ्यांनी थंडीलाच साधन बनविले. रात्रीच्या कडाक्यात बटाटे उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढायचे आणि वाळवून ठेवायचे. 'चुन्यो' नावाचा हा वाळलेला बटाटा वर्षानुवर्षे टिकतो. टिटिकाकाच्या दक्षिणेस तिवानाकू येथे इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात एक मोठे नगर भरभराटीस आले. त्याच्या परिसरात उंच वाफे आणि मधून पाण्याचे चर, अशी शेती केली जाई. चरांतील पाणी दिवसा ऊन पिऊन घेई आणि रात्री ती ऊब पिकांना देऊन त्यांचे हिवापासून रक्षण करी.

अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञ जॉन मुरा यांनी या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेचे मर्म १९७२ मध्ये उलगडून दाखविले. सरोवराकाठचा लुपाका समाज केवळ सरोवराकाठी राहत नसे. मका आणि कापूस यांसाठी त्याची माणसे पॅसिफिककडील उष्ण खोऱ्यांत वसलेली असत, आणि कोका व लाकूड यांसाठी पूर्वेकडील दमट उतारांवर. एकाच समाजाची वस्ती अशी उंचीच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर विखुरलेली, आणि पायऱ्या-पायऱ्यांमधील देवाणघेवाण चाले ती बाजारभावाने नव्हे, तर नात्याने. लामा या उंटाच्या कुळातील जनावरांचे तांडे ओझी घेऊन चढत-उतरत असत. पंधराव्या शतकात इंका सम्राटांनी हा प्रदेश जिंकला तेव्हा त्यांनी या व्यवस्थेवर आपली कोठारे आणि आपला अंमल बसविला. व्यवस्था मोडली नाही. सारांश, उंची ही अडचण होती, पण तीच भांडवलही होती.

भट्टी कोणाच्या हाती?

१५४५ मध्ये दिएगो हुआल्पा या स्थानिक माणसाला सेरो रिकोवर चांदीची शीर सापडली आणि पाहता पाहता चार हजार मीटर उंचीच्या उजाड माळावर एक शहर उभे राहिले. पोटोसीच्या कथेतील सर्वांत महत्त्वाची, आणि सहसा न सांगितली जाणारी, गोष्ट येथे आहे. पहिली पंचवीस-एक वर्षे खाण स्पॅनिशांची असली तरी भट्टी स्थानिकांची होती. इंकांच्या काळापासून चालत आलेल्या 'हुआयरा' नावाच्या छोट्या मातीच्या भट्ट्या डोंगराच्या उतारांवर, जेथे वारा जोराने वाहतो तेथे, मांडल्या जात. वारा हाच त्यांचा भाता. लामाचे वाळलेले शेण हे इंधन. चांदीचे खनिज किती शिशाबरोबर मिसळावे, वारा कोणत्या वेळी धरावा, हे कसब स्पॅनिश मालकाला येत नसे. साहजिकच खनिज काढणाऱ्याला आणि ते वितळवणाऱ्याला चांदीत वाटा मिळत असे. या उतारांवर रात्री हजारो भट्ट्या चांदण्यांप्रमाणे चमकत, असे त्या काळच्या प्रवाशांनी नोंदविले आहे.

वरवरचे कसदार खनिज संपत आले तसे हे चित्र पालटले. १५७२ मध्ये पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द तोलेदो पोटोसीत आला. हलक्या प्रतीच्या खनिजातून पाऱ्याच्या साहाय्याने चांदी वेगळी करण्याची रीत त्याने येथे आणली. पारा पेरूतील हुआंकाव्हेलिकाच्या खाणींत मिळे आणि त्यावर राजाची मक्तेदारी होती. खनिज कुटण्यासाठी पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या लागत. पाण्यासाठी डोंगरांत बंधारे घालून तलावांची मालिका उभारण्यात आली. (त्यांपैकी एक बंधारा १६२६ मध्ये फुटला आणि शहराचा मोठा भाग गिरण्यांसह वाहून गेला.) पारा, गिरणी आणि तलाव यांना भांडवल लागते. वाऱ्यावर चालणारी भट्टी गरिबाला परवडत होती. गिरणी परवडणे शक्य नव्हते. अशा रीतीने एकाच दशकात खनिजाचे धातूत रूपांतर करण्याची पायरी स्थानिक कारागिराच्या हातून गेली. त्याच्या वाट्याला उरले ते केवळ अंग.

त्या अंगमेहनतीची व्यवस्थाही तोलेदोनेच लावून दिली. इंकांच्या राज्यात 'मिता', म्हणजे पाळी, अशी पद्धत होती. प्रजेने पाळीपाळीने राज्याचे काम करावे आणि राज्याने त्या काळात तिला खाऊपिऊ घालावे, असा तो व्यवहार होता. स्पॅनिशांनी नाव तेच ठेवले आणि आशय काढून टाकला. सोळा प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी साधारण सातवा हिस्सा दरवर्षी पोटोसीला पाठवावा असे ठरले; सुमारे साडेतेरा हजार माणसांची ही वार्षिक वेठबिगार होती. माणसे बायकामुलांसह, लामांवर अन्न लादून, आठवडेच्या आठवडे चालत येत. मजुरी मिळे, पण ती पोट भरण्याइतकीही नसे. म्हणून पाळीतील विश्रांतीच्या आठवड्यांतही बरेचजण मोकळे मजूर म्हणून पुन्हा त्याच खाणीत उतरत. पोटोसीने ८० लाख बळी घेतले असा एक आकडा लोकप्रिय लिखाणात वारंवार आढळतो. त्याला दप्तरी आधार नाही, आणि तो उद्धृत करण्याची गरजही नाही. धूळ, पारा, दरडी आणि थंडी यांनी जे केले ते आकडा न फुगविताही पुरेसे भीषण आहे. शिवाय खरा घाव गावांवर बसला. पाळी चुकविण्यासाठी हजारो कुटुंबे आपले गाव, आपली जमीन, आपले नाते सोडून परक्या मुलखात 'उपरी' म्हणून राहू लागली. कारण उपऱ्याला मिता लागू नसे. गावातील माणसे घटली, पण कोटा लवकर घटेना. मागे राहिलेल्यांवर भार वाढला, म्हणून तेही पळाले. उंचीच्या पायऱ्या नात्याने जोडणारी ती जुनी व्यवस्था मोडली ती प्रामुख्याने अशी. मिता कायद्याने रद्द झाली ती १८१२ मध्ये, म्हणजे सुमारे अडीच शतकांनी.

१५९२ च्या सुमारास चांदीचे उत्पादन शिगेला पोहोचले. १६११ च्या गणतीत शहराची लोकसंख्या सुमारे १,६०,००० भरली. त्या काळी युरोपातील मोजक्याच शहरांची वस्ती एवढी होती. जेथे गवताखेरीज काही उगवत नाही तेथे हे शहर जगले कसे? खेचरे अर्जेंटिनाच्या मैदानांतून येत, मद्य पॅसिफिककडील खोऱ्यांतून, कोकाची पाने पूर्वेकडील उतारांवरून, कापड क्विटो आणि कुझ्को येथून. इतिहासकार कार्लोस सेम्पात आसादूरियान यांनी दाखविल्याप्रमाणे पोटोसीच्या चांदीभोवती अर्ध्या खंडाची एक बाजारपेठ गुंफली गेली होती. तेव्हा चांदी निघाली ती सारीच्या सारी तडक स्पेनला गेली, हे लुटीचे सोपे चित्र पूर्णतः खरे नाही. तिने वाटेत पुष्कळांना पोसले. फक्त ते पुष्कळजण डोंगराखालचे नव्हते.

सेव्हिल ते सुरत

शहरात १५७० च्या दशकात राजाची टांकसाळ सुरू झाली. येथे पडणारे 'आठ रेआल'चे जाडेभरडे नाणे हे जगातले पहिले खरेखुरे आंतरराष्ट्रीय चलन म्हणावे लागेल. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगात निघालेल्या चांदीपैकी निम्म्याहून अधिक या एका डोंगराची होती असा अंदाज केला जातो. लामा आणि खेचरे यांच्या पाठीवरून ती आरिका बंदरात जाई, तेथून समुद्रमार्गे लिमाच्या बंदरात आणि पनामात, मग संयोगभूमी ओलांडून पुन्हा जहाजाने सेव्हिलला. पण सेव्हिल हा मुक्काम नव्हता, केवळ धर्मशाळा होती. स्पेनच्या राजाने युद्धांसाठी काढलेल्या कर्जांपोटी ती चांदी जिनोआच्या सावकारांकडे जाई आणि तेथून ॲमस्टरडॅम व लंडनकडे. भाव वाढले, देशी उद्योग महाग पडू लागले, आणि अमेरिकेच्या चांदीचा धनी असलेल्या स्पेनने १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये सावकारांची देणी थांबविली. १९३४ मध्ये अर्ल हॅमिल्टन यांनी या भाववाढीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केल्यापासून तिच्या कारणांविषयी अर्थशास्त्रज्ञांत वाद चालू आहे. लोकसंख्यावाढीला किती महत्त्व द्यावे हा त्यातील कळीचा मुद्दा. तो वाद काही असो. हाती आलेला धातू म्हणजे संपत्ती नव्हे, हा धडा स्पेनला पोटोसीच्या आधी मिळाला.

या चांदीचा एक ओघ हिंदुस्थानपर्यंत आला. युरोपीय व्यापाऱ्यांना येथील कापड, नीळ, मिरी हवी होती. येथील लोकांना युरोपचा माल फारसा नको होता. मग द्यायचे काय? रोकड चांदी. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीवर देशाची चांदी बाहेर घालविल्याचा आरोप झाला तेव्हा थॉमस मन यांनी १६२१ मध्ये पुस्तक लिहून तिची बाजू मांडली, हे व्यापारवादाचा इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. गोव्याला येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांतही रेआलच्या पेट्या असत. मोगल राज्यात कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि शुल्क भरून रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. परदेशी नाणी वितळवून रुपये पाडणारी सुरतेची टांकसाळ त्यांत प्रमुख होती. भारतात चांदीच्या खाणी जवळजवळ नसतानाही सतराव्या शतकात शेतसारा रोख रुपयांत वसूल होऊ शकला, यामागे ही आवक आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरत लुटली. त्या लुटीतील चांदीचा काही अंश पोटोसीच्या डोंगरातून निघालेला असणे अगदी संभवनीय आहे. दख्खनच्या घोडेस्वाराच्या थैलीतील रुपया आणि अँडीजमधील वेठबिगार यांच्यात एवढेच अंतर होते. दोघांनाही एकमेकांचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते.

समुद्र गेला

१६४० च्या दशकात पोटोसीच्या टांकसाळीत नाण्यांत हीण मिसळल्याचे उघडकीस आले, युरोपात त्या नाण्यांची पत गेली आणि १६५० मध्ये एका बड्या धनिकाला देहान्त शिक्षा झाली. तोपर्यंत चांदीची उतरण सुरू झालीच होती. पुढचा दीड-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या उतरणीचा आहे. १७८१ मध्ये तुपाक कातारी याच्या नेतृत्वाखाली आयमारा शेतकऱ्यांनी ला पाझला महिनोन्‌महिने वेढा घातला आणि तो उठाव चिरडला गेला, ही त्यातील सर्वांत मोठी घटना.

६ ऑगस्ट १८२५ रोजी हा प्रदेश स्वतंत्र झाला आणि त्याने मुक्तिदाता सिमोन बोलिव्हर याचे नाव धारण केले. त्याच वर्षी बोलिव्हर स्वतः सेरो रिकोच्या शिखरावर चढून गेला. नव्या राष्ट्राजवळ तेव्हा अताकामा वाळवंटातील समुद्रकिनारा होता. त्या वाळवंटात सोरा सापडला, आणि तो खणण्यासाठी चिली व ब्रिटन यांचे भांडवल आले. १८७८ मध्ये बोलिव्हियाने सोऱ्याच्या निर्यातीवर दर क्विंटलमागे दहा सेंटाव्हो एवढा कर बसविला. कंपनीने तो नाकारला. १४ फेब्रुवारी १८७९ रोजी चिलीच्या सैन्याने आंतोफागास्ता बंदर ताब्यात घेतले. युद्धात पेरूही ओढला गेला आणि बोलिव्हियाने आपला सारा किनारा गमावला. १९०४ च्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. बोलिव्हियाचे नौदल आजही आहे. ते टिटिकाका सरोवरात आणि पूर्वेकडील नद्यांवर कवायती करते. दरवर्षी २३ मार्चला देशभर 'समुद्र दिन' पाळला जातो. समुद्रमार्गासाठी वाटाघाटी करण्यास चिली कायद्याने बांधील नाही, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१८ मध्ये दिला.

या निर्णयाने बोलिव्हियात हळहळ झाली ती स्वाभाविक होती. पण स्वित्झर्लंडलाही समुद्र नाही, आणि किनारा हाती असतानाही सोऱ्याचे भांडवल, कंपनी आणि जहाजे बोलिव्हियाची नव्हतीच. किनारा हरवण्याच्या आधीच बरेच काही हरवले होते.

कथिलाचे राजे

विसाव्या शतकाच्या आरंभी चांदीची जागा कथिलाने घेतली. डबाबंद अन्नाचा काळ आला होता आणि पत्र्याच्या डब्यांना कल्हई हवी होती. सिमोन पातिन्यो हा कोचाबांबाकडचा सामान्य परिस्थितीतला माणूस. त्याला लियालियागुआ परिसरात कथिलाची अत्यंत समृद्ध शीर लाभली आणि तो जगातील गणमान्य धनाढ्यांत जाऊन बसला. लुटारू नेहमी परदेशीच असतो या समजुतीला पातिन्योचे उदाहरण छेद देते. तो अस्सल बोलिव्हियन होता. मात्र चढत्या संपत्तीबरोबर त्याने केले काय? १९१६ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूलजवळच्या कथील वितळवण्याच्या प्रसिद्ध कारखान्यात त्याने वाटा घेतला. १९२४ मध्ये त्याच्या कंपनीची नोंदणी अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात झाली. तो स्वतः युरोपात राहू लागला. भट्टी पुन्हा एकदा डोंगरापासून दूर गेली, आणि या वेळी ती नेणारा डोंगराचाच पुत्र होता.

खाणींतील कामगार मात्र संघटित होत गेले. डिसेंबर १९४२ मध्ये कातावी येथे संपकरी कामगारांवर सैन्याने गोळीबार केला. त्याची परिणती दहा वर्षांनी, एप्रिल १९५२ च्या क्रांतीत झाली. प्रौढ मताधिकार आला, ३१ ऑक्टोबर १९५२ रोजी पातिन्यो, होखशिल्ड आणि आरामायो या तीन घराण्यांच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि पुढच्या वर्षी जमीनसुधारणेचा कायदा झाला. लॅटिन अमेरिकेतील ही एक खरीखुरी क्रांती होती, यात संशय नाही. परंतु राष्ट्रीयीकरण झाले ते भोकांचे. कथील वितळवण्याचा मोठा सरकारी कारखाना ओरुरोजवळ विंटो येथे सुरू होईपर्यंत १९७१ उजाडले. मधली जवळजवळ वीस वर्षे राष्ट्राच्या मालकीचे कथील खनिजाच्या रूपातच परदेशी भट्ट्यांकडे जात राहिले आणि त्याचा भाव लंडनच्या धातुबाजारात ठरत राहिला.

त्याच बाजाराने १९८५ मध्ये घात केला. उत्पादक आणि ग्राहक देशांचे आंतरराष्ट्रीय कथील मंडळ भाव टिकविण्यासाठी खरेदी करता करता दिवाळखोर झाले. २४ ऑक्टोबरला लंडनमधील कथिलाचे व्यवहार थांबले आणि नंतर भाव निम्म्यावर आला. बोलिव्हियात त्याआधीच्या एका वर्षात किमती सुमारे वीस हजार टक्के वाढल्या होत्या, आणि त्यावर उपाय म्हणून ऑगस्टमध्ये निघालेल्या सरकारी हुकमाने अनुदाने, नियंत्रणे आणि सार्वजनिक उद्योगांतील नोकऱ्या यांवर कुऱ्हाड चालविली होती. चलनवाढ काही आठवड्यांत आटोक्यात आली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु सरकारी खाणींतील वीस हजारांहून अधिक कामगारांना कमी करण्यात आले. या कृतीला सरकारी भाषेत 'पुनर्स्थापना' असे गोंडस नाव होते. कामगारांचे तांडे उठले. कोणी चापारेच्या जंगलात कोका पिकवायला गेले, कोणी ला पाझच्या वर चार हजार मीटरांवरील एल आल्तो या वाढत्या शहरात झोपड्या घातल्या. २००३ मध्ये नैसर्गिक वायूच्या निर्यातीविरुद्ध उठाव करून राष्ट्राध्यक्षाला पायउतार व्हायला लावणारे एल आल्तो ते हेच. वायू बाहेर पाठविण्याआधी देशात त्याचा उद्योग उभारा, ही त्या उठावातील एक मुख्य मागणी होती. २००६ मध्ये मोरालेस सरकारने वायूचे राष्ट्रीयीकरण केले, काही वर्षे खजिना भरला, आणि पुढे विहिरींचे उत्पादन घटू लागले तशी २०२३ पासून देशात डॉलरची टंचाई झाली. त्या कथेत नवीन फारसे काही नाही.

मिठाखालचा धातू

नवीन आहे ते उयुनीच्या मिठाखाली. मोटारी आणि भ्रमणध्वनी यांच्या विद्युतघटांना लागणारे लिथियम तेथील खाऱ्या पाण्यात विरघळलेले आहे. २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलेला देशाचा साठा २ कोटी ३० लाख टनांचा, म्हणजे जगात सर्वाधिक. अर्थात जमिनीत असणे आणि परवडेल अशा खर्चात काढता येणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे येथे विसरता कामा नये. शेजारच्या चिलीत वाळवंटी उन्हाने पाणी झपाट्याने आटते. उयुनीत दर उन्हाळ्यात पाऊस पडतो आणि पाण्यात मॅग्नेशियमचे प्रमाण फार आहे. त्यामुळे चिली आणि अर्जेंटिना यांनी लिथियम विकून पैसा केला, तेव्हा बोलिव्हिया प्रयोगच करीत होता.

या दिरंगाईला केवळ रसायनशास्त्र जबाबदार नाही. लिथियम देशातच शुद्ध व्हावे आणि विद्युतघटही देशातच बनावेत, असा आग्रह सरकारने प्रारंभापासून धरला. त्यासाठी एका जर्मन कंपनीशी भागीदारी झाली. पोटोसीच्या नागरिकांनी प्रांताचा स्वामित्वशुल्काचा वाटा अपुरा असल्याचे सांगून आंदोलन केले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने तो करार रद्द केला. डिसेंबर २०२३ मध्ये वर्षाला १५,००० टन क्षमतेचा कारखाना उयुनीच्या काठी सुरू करण्यात आला. २०२४ मध्ये रशियन आणि चिनी कंपन्यांशी नवे करार झाले, आणि त्यांनाही पोटोसीतून व संसदेतून कडवा विरोध झाला. बाहेरच्या गुंतवणूकदारांना हे लोक हट्टी, अव्यवहारी वाटतात. पण ज्यांच्या शहरात हुआयरांचा विस्तव विझला त्या शहराने करारातील प्रत्येक कलम दहा वेळा वाचावे, यात अव्यवहारी काय आहे? अडचण एवढीच की नुसता आग्रह धरून कारखाना चालत नाही. पोटोसीजवळ काराचिपांपा येथे शिसे आणि चांदी वितळवण्याचा प्रचंड सरकारी कारखाना १९८० च्या दशकात बांधून तयार झाला. पुरेसे खनिज आणि पुरेसे भांडवल यांची सांगड न बसल्याने तो जवळजवळ तीस वर्षे बंद पडून होता.

दरम्यान उयुनीच्या मिठाच्या मैदानाच्या दक्षिणेस सान क्रिस्तोबाल येथे २००७ पासून एक अवाढव्य खाण चालू आहे. जस्त, शिसे आणि चांदी यांचे कुटून सांद्र केलेले खनिज तेथे आगगाडीत भरले जाते. गाडी पश्चिमेची ज्वालामुखींची रांग ओलांडून वाळवंटात उतरते आणि चिलीच्या मेहियोनेस बंदरात जाते. १८७९ पूर्वी ते बंदर बोलिव्हियाचे होते. तेथे ते खनिज जहाजांत चढते आणि वितळवण्यासाठी परदेशी भट्ट्यांकडे रवाना होते.